उजेडाची तलवार : वरचं सोंग, आतला दिवा खरा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं हे भाषण गटांच्या बैठकीत वाचून दाखवता यावं म्हणून इथे देत आहोत.)



जत्रेत दिवेलागण झाली की खेळण्यांच्या पालावर एक वस्तू हमखास चमकताना दिसते. हातभर लांब प्लास्टिकची नळी, खाली मूठ, आणि बटण दाबलं की लाल, हिरवा नाहीतर निळा उजेड. मुलं ती घेतल्याशिवाय पालापासून हलत नाहीत. घरी आणली की दोन दिवस लढाया होतात, तिसऱ्या दिवशी दिवा बंद पडतो, आणि चौथ्या दिवशी ती माळ्यावर जाते.

ही तलवार आली कुठून, खऱ्या सिनेमात ती कशी बनवली होती, आणि आपल्या हातांनी तशीच, पण टिकणारी आणि मुलांना धोका नसलेली तलवार कशी करायची, ते आज बघू. ऐकायला हे पोरखेळासारखं वाटेल. पण ही तलवार ज्या बाईनं एकदा केली, तिला घरातली हातबॅटरी, सौर कंदील आणि गणपतीपुढची दिव्यांची माळ आतून कळायला लागते. “वायरीचं काम आपलं नव्हे” असं म्हणून आपण बाजूला होतो, ती सवयही याच कामात सुटते.

सिनेमातली तलवार

अमेरिकेत १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक जॉर्ज लुकास. आकाशातल्या दूरच्या ग्रहांवरची, राजकन्या, वीर आणि दुष्ट सरदार यांची गोष्ट. त्यातले वीर लोखंडी तलवारीने लढत नाहीत. त्यांच्या हातात नुसती मूठ असते. कळ दाबली की मुठीतून उजेडाचं पातं निघतं. जत्रेतली तलवार ही त्याच तलवारीची नक्कल.

या सिनेमाचं बरंचसं काम १९७६ साली इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत झालं. नायकाच्या हातातली मूठ तयार करण्याचं काम रॉजर ख्रिश्चन या सजावटकाराकडे होतं. त्यांना लंडनमधल्या फोटोच्या सामानाच्या एका दुकानात जुन्या कॅमेऱ्यांच्या फ्लॅशच्या मुठी सापडल्या. ग्राफ्लेक्स नावाच्या कंपनीच्या या मुठी पूर्वी वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर वापरत. धातूची चकचकीत नळी, आत एकावर एक तीन मोठे सेल, वर बल्ब. फोटो काढताना तो बल्ब एकदाच लख्ख पेटायचा आणि मग फेकून द्यायचा.

ख्रिश्चन यांनी ती मूठ घेतली, खालच्या बाजूला रबराच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मधल्या पकडीत कॅल्क्युलेटरच्या काचेवरची फुगीर भिंगांची पट्टी बसवली. कमरेला अडकवायला खाली एक कडी लावली. झाली तलवार! म्हाताऱ्या गुरूच्या तलवारीची मूठ तर अजून गमतीची. तिच्यात जुन्या विमानाच्या इंजिनाचा एक तुकडा, पहिल्या महायुद्धातल्या, बंदुकीतून डागायच्या बाँबचा एक भाग, आणि सगळ्यात खाली चक्क पाण्याच्या नळाची चावी होती.

पुढे याच सिनेमाच्या कलासजावटीला ऑस्कर पारितोषिक मिळालं आणि ते घेणाऱ्यांत रॉजर ख्रिश्चनही होते. भंगारातून, हाताशी होतं त्यातून केलेलं हे काम. आपण जुन्या साडीची गोधडी शिवतो, नारळाच्या करवंटीची पळी करतो, तीच ही दृष्टी.

मग पातं कसं पेटलं?

तेव्हा छोटे, प्रखर एलईडी दिवे नव्हते. म्हणून त्यांनी मुठीत काठी बसवली आणि काठीला उजेड परतवणारा कागद गुंडाळला. रस्त्यावरच्या पाट्यांना आणि ट्रकच्या मागे जो पट्टा असतो, ज्याला आपण ‘रेडियम’ म्हणतो, त्याच जातीचा हा कागद. छोट्या मोटरने काठी गरगर फिरवायची आणि कॅमेऱ्याजवळून तिच्यावर उजेड टाकायचा. तो उजेड कागदावरून परत कॅमेऱ्यात आला की काठी चमकल्यासारखी दिसे. ते पुरेसं दिसेना, म्हणून पुढे एकेका चित्रावर हाताने रंगाचं पातं चढवलं. तलवारीची ती ‘घूं घूं’ सुद्धा जुन्या सिनेमा-यंत्राच्या मोटरचा आणि टीव्हीच्या गुणगुणीचा आवाज मिसळून केलेली.

म्हणजे पहिल्या सिनेमातल्या तलवारीत खरा दिवा नव्हताच. २०१५ साली या मालिकेतला नवा सिनेमा आला, तेव्हा मात्र पात्यातच एलईडी दिवे बसवले. कारण साधं आहे. दिवा खरा असला की त्याचा उजेड नटाच्या तोंडावर, कपड्यांवर, भिंतीवर पडतो, आणि बघणाऱ्याला सगळं पटतं.

तोंडावर उजेड पडण्याचं महत्त्व आपल्याकडच्या एका बाईनं फार पूर्वी जाणलं होतं. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. त्या काळात चित्रीकरण उन्हातच व्हायचं. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून ऊन नटांच्या तोंडावर परतवत. त्या फिल्म धुवायला मदत करत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही बघत. पडद्यावर दिसला तो राजा. उजेड धरणारे हात दिसले नाहीत.

सोंग आणि दिवा

आता आपल्या कामाकडे येऊ. नाटकातली किंवा सिनेमातली वस्तू म्हणजे सोंग. बोहाड्यातला मुखवटा कागदाच्या लगद्याचा असतो, दशावतारातली तलवार लाकडाची असते, आणि त्यात काही वावगं नाही. आपल्या तलवारीची मूठही प्लास्टिकच्या पाइपची असेल. चंदेरी रंग दिला की ती धातूची वाटेल. डोळ्याला फसवता येतं.

दिव्याला मात्र फसवता येत नाही. तार एका जागी सुटली तर तो पेटत नाही, दोन तारा नको तिथे चिकटल्या तर तापतो. म्हणून या कामाचे दोन भाग लक्षात ठेवा. वरच्या भागात हवी तेवढी कल्पना लढवा. आतल्या भागात नियम पाळा.

सामान

बाजाराला जाताना ही यादी सोबत न्या.

एक : ३२ मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी पाइप, २८ सेंटीमीटर लांब. नळजोडणीच्या कामातून उरलेला तुकडा चालेल. ही मूठ.

दोन : प्लास्टिकच्या फाइलची दोन पारदर्शक किंवा दुधी कव्हरं, नेहमीच्या कागदाच्या मापाची. हे पातं.

तीन : टीव्हीच्या किंवा मिक्सरच्या खोक्यात येतो तो पांढरा, पातळ, मऊ फोम. नसेल तर पतंगाचा पांढरा कागद.

चार : पाच मिलिमीटरचे १० निळे किंवा पांढरे एलईडी, आणि १०० ओहमचे १० रेझिस्टर. रेझिस्टर म्हणजे वीज अडवून धरणारा छोटा तुकडा. त्याच्या अंगावर रंगांचे पट्टे असतात. १०० ओहमच्या चार पट्ट्यांच्या तुकड्यावर तपकिरी, काळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी.

पाच : बिघडलेल्या हातबॅटरीतला तीन बारीक सेलांचा गोल डबा आणि तिचंच बटण. तीन नवे बारीक सेल.

सहा : लाल आणि काळी बारीक वायर, प्रत्येकी दीड मीटर. चिकटपट्टी, वायरची टेप, आणि ५५ सेंटीमीटर लांब बांबूची पातळ कामटी.

सात : सजावटीला सायकलची जुनी ट्यूब, चंदेरी रंग किंवा चंदेरी टेप, जुन्या पर्सच्या पट्ट्याची कडी, एखादी मोडकी नळाची चावी.

दोन वस्तू अजिबात घ्यायच्या नाहीत. पहिली, काचेची जुनी ट्यूबलाइट. दिसायला ती पात्यासारखी असते, पण ती फुटली तर काच लागते आणि आतला पारा बाहेर पडतो. दुसरी, जुन्या मोबाइलची बॅटरी. तिच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर ती पेट घेऊ शकते.

वीज पाण्यासारखी समजून घ्या

आपण सगळ्यांनी पाण्याची टाकी बघितली आहे. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. विजेचा हा जोर व्होल्टमध्ये मोजतात. एक साधा सेल दीड व्होल्टचा. तीन सेल एकापुढे एक लावले की साडेचार व्होल्ट. घरातल्या भिंतीवरच्या बटणात २३० व्होल्ट असतात, म्हणजे पन्नास पटींहून जास्त. म्हणून सेलच्या तारेला हात लागला तर काही होत नाही आणि भिंतीवरच्या तारेला लागला तर जीव जातो.

नळातून किती पाणी वाहतं, ते झालं विजेचं वाहणं. ते अँपियरमध्ये मोजतात. एलईडी हा फार कमी पाणी लागणारा दिवा. अँपियरचे हजार भाग केले तर त्यातले वीस भाग, म्हणजे २० मिलिअँपियर, त्याला भरपूर. त्याहून जास्त वाहिलं तर तो काही वेळ झगझगीत पेटतो आणि मग कायमचा जातो. वाहणं आवरायला जी चावी लागते, ती म्हणजे रेझिस्टर.

१०० ओहमच का, याचा हिशेब सोपा आहे. सेलचा जोर साडेचार व्होल्ट. निळा किंवा पांढरा एलईडी त्यातले साधारण तीन स्वतःसाठी घेतो. उरला दीड. दीडला शंभरने भागलं की ०.०१५ अँपियर, म्हणजे १५ मिलिअँपियर. विसाच्या आत आहे, दिवा सुखरूप. लाल एलईडी दोनच व्होल्ट घेतो, मग अडीच उरतात. त्यासाठी १५० ओहमचा रेझिस्टर घ्यायचा. हिशेब साधारण १७ मिलिअँपियरवर येतो. बचत गटाच्या व्याजाचा हिशेब आपण तोंडी करतो, त्याहून हे अवघड नाही.

इथे एक प्रश्न येईल : दहा दिव्यांना मिळून एकच रेझिस्टर का नको? कारण एकसारखे दिसले तरी दहा एलईडी अगदी एकसारखे नसतात. एखादा जरा जास्त ओढतो. तो आधी जातो, मग त्याचा वाटा बाकीच्यांवर पडतो, आणि एकामागून एक सगळे जातात. म्हणून प्रत्येकीच्या दारात तिचा नळ आणि तिच्या नळाला तिची चावी.

जोडणी

एलईडीला दोन पाय असतात. लांब पाय अधिकचा, आखूड पाय उण्याचा. पाय कापले गेले असतील तर डोक्याची कड चाचपा. जिकडे ती चपटी लागेल तिकडे उणे. उलटा लागला तर तो पेटत नाही, पण एवढ्या कमी जोराला सहसा बिघडतही नाही. सुलटा करा, पेटेल. जोडण्याआधी दहाही एलईडी एकेक करून, रेझिस्टर लावूनच, सेलवर पेटवून बघा. तांदूळ निवडल्याशिवाय आपण शिजवत नाही, तसंच हे.

एलईडीचं डोकं पॉलिश पेपरवर हलकं घासा. त्याने उजेड एका ठिकाणी टोचत नाही, पसरतो.

आता कामटीच्या एका कडेने लाल वायर आणि दुसऱ्या कडेने काळी वायर टेपने बसवा. मधल्या कामटीमुळे त्या एकमेकींपासून लांब राहतात. खालून आठ सेंटीमीटर सोडून, दर पाच सेंटीमीटरला दोन्ही वायरींचं आवरण अर्धा सेंटीमीटर सोला. अशा दहा जागा होतील. प्रत्येक जागी एलईडीचा लांब पाय रेझिस्टरला, रेझिस्टरचं दुसरं टोक लाल वायरला, आणि आखूड पाय काळ्या वायरला. एक दिवा कामटीच्या पुढे, पुढचा मागे, असे आलटून पालटून लावा. म्हणजे पातं दोन्ही बाजूंनी उजळेल.

सांधा पक्का करायला सोल्डरिंग करतात, म्हणजे सोनार दागिन्याला डाग देतो तसा डाग. आधी तारा एकमेकींना पिळून घ्या, तापलेलं टोक तारांना लावा, तार तापली की तिच्यावर कथलाची तार टेकवा. कथील आपोआप पसरतं. कथील इस्त्रीच्या टोकावर वितळवून वरून थेंब पाडला तर सांधा कच्चा राहतो. चांगला डाग गुळगुळीत दिसतो, कच्चा डाग गोळ्यासारखा वर बसतो.

सोल्डरिंगची इस्त्री भिंतीवरच्या विजेवर चालते आणि टोक ३०० अंशांच्या वर तापतं. साध्या सोल्डरच्या तारेत शिसं असतं. म्हणून ओसरीवर, वारा असेल तिथे बसा. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी जवळ बसू नये. चुलीजवळ, भांड्यांजवळ हे काम करू नका. उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. सोल्डरची सोय नसेल तर तारा घट्ट पिळून टेप गुंडाळा. सांधा तेवढा टिकाऊ होत नाही, पण एका स्नेहसंमेलनापुरता चालतो.

प्रत्येक सांध्यावर टेप हवीच. उघडी लाल तार उघड्या काळ्या तारेला चिकटली की वीज दिव्यांकडे न जाता आडवाटेने धावते आणि सेल तापतात. याला शॉर्ट म्हणतात.

शेवटी डब्याच्या अधिकच्या टोकापासून वायर बटणाला, बटणापासून लाल वायरला. डब्याचं उण्याचं टोक थेट काळ्या वायरला. बटण दाबा. दहाही दिवे पेटले की मगच पुढचं काम.

पातं आणि मूठ

फाइलची कव्हरं एकापुढे एक, चार सेंटीमीटर एकमेकांवर चढवून चिकटवा. मग साधारण २५ मिलिमीटर जाडीच्या नळीवर किंवा लाटण्यावर लांबीच्या अंगाने गुंडाळा. दोन-अडीच वेढे बसतील आणि ५५ सेंटीमीटरची हलकी नळी होईल. कामटीभोवती पांढरा फोम गुंडाळून ती आत सरकवा. फोम का? तो नसेल तर दहा ठिपके दिसतात. असला तर उजेड त्यात मुरतो आणि पातं सलग दिसतं. कंदिलाची काच धुरकट झाली की ज्योत दिसत नाही, उजेड मात्र दिसतो, तसंच. हौसेने अशा तलवारी करणारे लोक परदेशातही हाच पॅकिंगचा फोम वापरतात.

मुठीच्या पाइपला कडेने पॉलिश पेपर मारा, मग चंदेरी रंग द्या. बटणासाठी भोक पाडा. सेलचा डबा खालच्या बाजूने आत घाला आणि तो हलू नये म्हणून भोवती कापड भरा. सेल बदलता यायला हवेत, म्हणून खालचं झाकण चिकटवून टाकू नका, स्क्रूने बसवा. पातं वरच्या बाजूने सहा सेंटीमीटर आत घालून पक्कं करा.

मग सजावट. सायकलच्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून मुठीच्या खालच्या अर्ध्या भागावर उभ्या चिकटवा. बटणाशेजारी टिकल्यांच्या पाकिटातले फुगीर चमकते खडे ओळीने लावा. कॅल्क्युलेटरच्या भिंगांची आठवण होईल. खाली कडी. म्हाताऱ्या गुरूची तलवार हवी असेल तर झाकणावर नळाची चावी बसवा. सिनेमातही ती नळाचीच होती, तेव्हा ही नक्कल अगदी प्रामाणिक!

बिघाड शोधताना

एकही दिवा लागत नसेल : सेल उलटे आहेत का बघा, मग बटण, मग डब्याच्या दोन्ही टोकांच्या तारा.

एकच लागत नसेल : तो उलटा आहे किंवा त्याचा सांधा सुटला आहे.

सगळे मंद असतील : सेल संपत आले, किंवा नव्यात जुना सेल मिसळला आहे. तिन्ही एकदम बदला. चार्ज होणारे सेल सव्वा व्होल्टच्या आसपासचे असतात, त्यांच्यावर निळे दिवे मंदच दिसतात.

हलवल्यावर लुकलुकत असतील : कुठेतरी सांधा कच्चा आहे.

मूठ गरम लागली तर : काही शोधत बसू नका. आधी सेल काढा. शॉर्ट आहे.

हीच पाच वाक्यं घरातल्या बंद पडलेल्या हातबॅटरीलाही लागू पडतात. दिवा गेला असं म्हणून आपण जे फेकून देतो, त्यात कित्येकदा नुसती पत्री गंजलेली असते किंवा एक तार सुटलेली असते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : बटण सेल

जत्रेतल्या पुष्कळ तलवारींत आणि चमकणाऱ्या खेळण्यांत गोल, चपटे, चांदीच्या टिकलीसारखे सेल असतात. झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं. खेळणं आपटलं की झाकण उघडतं, सेल बाहेर येतो, आणि रांगतं मूल तो तोंडात घालतं. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. मूल सांगू शकत नाही. लाळ गळते, ते खात नाही, खोकतं, आणि आपल्याला वाटतं सर्दी झाली.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका. उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या, आणि “बटण सेल गिळला असावा” हे शब्द पहिल्यांदा सांगा. खेळण्याचं पाकीट किंवा तसाच दुसरा सेल असेल तर सोबत न्या. आपल्या तलवारीत बोटाएवढे सेल आणि स्क्रूचं झाकण घेतलं, ते याचसाठी. घरात चमकणारी खेळणी असतील तर आज रात्रीच त्यांची झाकणं तपासा.

गटाला याचा काय उपयोग?

शाळेच्या स्नेहसंमेलनाला मुकुट, तलवारी, कंदील लागतात. गणपतीच्या देखाव्याला दिवे लागतात. तिथे भिंतीवरच्या विजेच्या उघड्या जोडण्या, खाली सतरंजी, वर पताका आणि मधून धावणारी मुलं असं दृश्य आपण दरवर्षी बघतो. जे छोटे दिवे मुलांच्या हातात किंवा अंगावर येणार, ते सेलवरचे असावेत हा आग्रह आपण धरू शकतो. आता ते करूनही देऊ शकतो. कार्यक्रमापुरत्या अशा वस्तू भाड्याने देणं हे गटाला जमण्यासारखं काम आहे. कार्यक्रम झाला की वस्तू परत येते, सेल बदलले की पुन्हा तयार.

विकण्याचा विचार असेल तर दोन गोष्टी आधी बघा. ‘स्टार वॉर्स’ हे नाव, चिन्ह आणि चित्रं त्या कंपनीच्या मालकीची आहेत. ती आपल्या मालावर टाकून विकू नका. घरच्या मुलांसाठी केलेली वस्तू वेगळी आणि बाजारातला माल वेगळा. दुसरं, १४ वर्षांखालच्या मुलांसाठी खेळणं म्हणून विकायचं तर १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात त्यावर आयएसआय चिन्ह असावं लागतं. नोंदणी झालेल्या हस्तकला कारागिरांसाठी काही सवलती आहेत. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करूनच पुढे जा.

पुढच्या बैठकीसाठी

सगळ्यांनी मिळून एकच तलवार करा. दोघींनी मूठ घ्यावी, दोघींनी पातं, आणि दिव्यांची जोडणी मुद्दाम अशा बाईकडे द्या, जिने आजवर वायरीला हात लावलेला नाही. तिच्या शेजारी जाणती बाई बसवा, पण हात तिचेच चालू द्या. प्रत्येकीने घरातली एक बंद पडलेली हातबॅटरी सोबत आणावी. तलवार पेटली की त्या बॅटऱ्या उघडा आणि मघाच्या पाच वाक्यांनी तपासा. किती पुन्हा पेटल्या, तो आकडा गटाच्या वहीत लिहून ठेवा.

काही अडलं तर आपल्या रेडिओ केंद्रावर कळवा. तुमचे प्रश्न आपण याच कार्यक्रमात घेऊ.